ॲडमिन अधिकार नसलेल्या खात्यात सॉफ्टवेअरचे अपडेट अडते तेव्हा काय करावे

पतसंस्थेचा काउंटर, महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा, कर सल्लागाराचे कार्यालय किंवा कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेला लॅपटॉप, अशा सर्व ठिकाणी एक अडचण हमखास आढळते. सकाळी संगणक सुरू केला की एखादे सॉफ्टवेअर नवी आवृत्ती आल्याचे सांगते. वापरकर्ता होकार देतो, काही क्षणांनी ॲडमिनचा पासवर्ड मागणारी चौकट उघडते, तो पासवर्ड त्याच्याजवळ नसल्यामुळे चौकट बंद करावी लागते आणि दुसऱ्या दिवशी हाच क्रम पुन्हा होतो. काही दिवसांनी वापरकर्ता ती सूचना न वाचताच बंद करू लागतो, आणि सुरक्षेतील ज्ञात त्रुटी असलेली जुनी आवृत्ती त्या संगणकावर महिनोन्महिने तशीच राहते.

यावर सर्वाधिक केला जाणारा उपाय म्हणजे वापरकर्त्याचे खातेच ॲडमिन करून टाकणे. तो उपाय करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याची कारणे पुढे दिली आहेत. अपडेट अडण्याचे मूळ बहुतेक वेळा सॉफ्टवेअर ज्या प्रकारे बसवले आहे त्यात असते, आणि तो प्रकार एकदा ओळखता आला की योग्य दुरुस्ती कोणती हेही लगेच ठरते. पुढील विवेचन प्रामुख्याने विंडोज १० आणि विंडोज ११ यांविषयी आहे. मॅक आणि लिनक्सबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिले आहे.

अडथळा नेमका कुठे असतो

विंडोज एक्सपीच्या काळात घरांतील आणि लहान कार्यालयांतील बहुतेक संगणक ॲडमिन खात्यातूनच वापरले जात, त्यामुळे कोणताही प्रोग्राम डिस्कवर कुठेही लिहू शकत असे. २००७ च्या जानेवारीत ग्राहकांसाठी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ‘यूजर अकाउंट कंट्रोल’ ही व्यवस्था आली आणि चित्र बदलले. तेव्हापासून ॲडमिन खात्यातील प्रोग्रामसुद्धा सामान्यतः मर्यादित अधिकारांनीच चालतात. संगणकाच्या सामायिक भागात बदल करायचा असेल, तर ॲडमिनला केवळ ‘येस’ म्हणून संमती द्यावी लागते, पण साध्या, म्हणजे ‘स्टँडर्ड’ खात्यातील माणसाला एखाद्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो.

गृहनिर्माण सोसायटीत आपल्या सदनिकेचा रंग आपण स्वतः बदलू शकतो, पण गच्चीवरील सामायिक पाण्याच्या टाकीला हात लावायचा तर कमिटीची परवानगी लागते. विंडोजमधील जागांची वाटणीही अशीच आहे. ‘प्रोग्राम फाइल्स’ हे फोल्डर, ‘विंडोज’ हे फोल्डर आणि रजिस्ट्रीमधील (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवते त्या जागेतील) ‘लोकल मशीन’ हा विभाग सर्वांसाठी सामायिक असतो, तिथे साध्या खात्याला वाचता येते पण लिहिता येत नाही. प्रत्येक वापरकर्त्याचे स्वतःचे ‘ॲपडेटा’ फोल्डर आणि रजिस्ट्रीतील ‘करंट यूजर’ हा विभाग मात्र त्याच्या पूर्ण ताब्यात असतो.

या वाटणीमुळे अपडेटच्या दृष्टीने सॉफ्टवेअरचे तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारातील सॉफ्टवेअर वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात बसलेले असते, त्यामुळे ते पासवर्ड न मागता स्वतःला अद्ययावत करू शकते. दुसऱ्या प्रकारातील सॉफ्टवेअर सामायिक जागेत असते, पण बसवतानाच त्याने एक सर्व्हिस नोंदवलेली असते. ही सर्व्हिस संगणकाच्या ‘सिस्टिम’ खात्याच्या अधिकाराने पार्श्वभूमीवर चालते आणि वापरकर्ता कोणीही असला तरी अपडेटचे काम पूर्ण करते. तिसऱ्या प्रकारातील सॉफ्टवेअर सामायिक जागेत असते, पण त्याच्याजवळ अशी सर्व्हिस नसते. ते फार तर नवी इन्स्टॉलर फाइल उतरवून चालवण्याचा प्रयत्न करते आणि तिथेच थांबते. रोज त्रास देणाऱ्या सूचना बहुधा या तिसऱ्या प्रकारातून येतात, किंवा दुसऱ्या प्रकारातील सर्व्हिस काही कारणाने बंद पडलेली असते.

आधी निदान, मग दुरुस्ती

सर्वप्रथम आपले खाते कोणत्या प्रकारचे आहे याची खात्री करावी. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अकाउंट्स’ आणि त्यातील ‘युअर इन्फो’ उघडल्यावर ॲडमिन खात्याच्या नावाखाली ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असे लिहिलेले दिसते. तसे नसेल, तर खाते साधे समजावे. त्यानंतर ज्या सॉफ्टवेअरची अडचण आहे त्याच्या शॉर्टकटवर उजवी क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडावे. स्टार्ट मेनूतून आल्यास ही कृती दोनदा करावी लागते, कारण पहिल्या वेळी शॉर्टकटचेच फोल्डर उघडते. शेवटी दिसणारा मार्ग ‘प्रोग्राम फाइल्स’मधून जात असेल तर सॉफ्टवेअर सामायिक आहे. तो ‘यूजर्स’, त्याखाली आपले नाव आणि ‘ॲपडेटा’ असा असेल तर सॉफ्टवेअर वैयक्तिक आहे.

त्रुटीचा संदेश शब्दशः टिपून ठेवणे फार उपयोगाचे ठरते. ‘एरर ५’ किंवा ‘०एक्स८००७०००५’ म्हणजे प्रवेश नाकारला गेला आहे. ‘एरर ७४०’ म्हणजे ही कृती वाढीव अधिकारांशिवाय होणार नाही. विंडोज इन्स्टॉलरची ‘१९२५’ ही त्रुटी सर्व वापरकर्त्यांसाठी सॉफ्टवेअर बसवण्याइतके अधिकार नसल्याचे सांगते, तर ‘१६२५’ ही त्रुटी संस्थेच्या धोरणानेच ते बसवणे निषिद्ध ठरवले असल्याचे सांगते. ‘१६२५’ दिसल्यास पासवर्ड शोधण्यात वेळ घालवू नये, कारण तिथे निर्णय धोरण ठरवणाऱ्याचा असतो. ‘१६०३’ हा क्रमांक मात्र फसवा आहे. तो ‘गंभीर त्रुटी’ एवढेच सांगतो आणि त्यामागे अधिकारांची कमतरता, आधीपासून उघडा असलेला प्रोग्राम किंवा अर्धवट राहिलेली जुनी स्थापना असे काहीही असू शकते. अशा वेळी ॲडमिनने इन्स्टॉलर सविस्तर लॉग, म्हणजे प्रत्येक पायरीची नोंद, ठेवून चालवावा आणि त्या लॉगमध्ये ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे शब्द शोधावेत. खरे कारण बहुधा त्याच्या काही ओळी आधी लिहिलेले असते.

प्रत्येक अपयश अधिकारांमुळेच येते असे मात्र नाही. क्रोमची १०९ ही आवृत्ती विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० व्या आवृत्तीपासून तो आधार बंद झाला, त्यामुळे अशा संगणकावर कोणत्याही पासवर्डने क्रोम पुढे जाणार नाही. डिस्क भरलेली असणे आणि कार्यालयाच्या प्रॉक्सीने (इंटरनेटच्या वाटेवरील मध्यस्थ सर्व्हरने) अपडेटचे संकेतस्थळ अडवलेले असणे ही कारणेही नेहमी आढळतात. ॲडमिन खात्यातूनही तीच त्रुटी येत असेल, तर दोष अधिकारांचा नाही असे समजून शोधाची दिशा बदलावी.

ब्राउझर

सर्वांत आधी ब्राउझर दुरुस्त करावा, कारण बँकेचे व्यवहार, ईमेल आणि सरकारी संकेतस्थळे यांचा सर्व संबंध त्याच्याशीच येतो. क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांच्याही मोठ्या आवृत्त्या अनेक वर्षे सुमारे चार आठवड्यांच्या अंतराने येत आल्या आहेत, त्यामुळे एकदा अडलेला ब्राउझर पाहता पाहता मागे पडतो.

क्रोम दोन्ही प्रकारे बसू शकतो. इन्स्टॉलरने विचारलेली ॲडमिनची परवानगी मिळाली तर तो सामायिक जागेत बसतो. परवानगी नाकारली, तर ॲडमिन अधिकारांशिवाय पुढे जायचे का असे तो विचारतो आणि होकार दिल्यास वापरकर्त्याच्या फोल्डरात बसतो. सामायिक जागेतील क्रोमचे अपडेट गूगलची अपडेटर सर्व्हिस करते. म्हणून साध्या खात्यात क्रोम अडला असेल, तर ॲडमिनने ‘सर्व्हिसेस’ ही खिडकी उघडून ‘गूगल अपडेटर’ किंवा ‘गूगल अपडेट’ या नावाने सुरू होणाऱ्या नोंदी ‘डिसेबल्ड’ तर झालेल्या नाहीत ना, हे पाहावे. संगणकाचा वेग वाढवून देण्याचा दावा करणारी साधने या सर्व्हिसेस बंद करून ठेवतात, आणि अपडेट अडण्यामागे पुष्कळदा हेच कारण निघते. नोंदी मुळातच नसतील, तर ॲडमिनने क्रोमचा अधिकृत इन्स्टॉलर पुन्हा एकदा चालवावा. बुकमार्क आणि पासवर्ड वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये असल्यामुळे ते सुरक्षित राहतात.

फायरफॉक्सने हाच प्रश्न ‘मोझिला मेन्टेनन्स सर्व्हिस’ या स्वतंत्र सर्व्हिसद्वारे सोडवला आहे. ती एप्रिल २०१२ मधील १२ व्या आवृत्तीपासून त्याच्यासोबत येते. विंडोजच्या स्थापित प्रोग्रामच्या यादीत तिचे नाव वेगळे दिसते, त्यामुळे अनावश्यक समजून ती काढून टाकली जाते आणि त्या दिवसापासून साध्या खात्यातील फायरफॉक्स पासवर्ड मागू लागतो. ॲडमिनने फायरफॉक्स पुन्हा बसवला की ती सर्व्हिस परत येते. त्यानंतर फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये पार्श्वभूमीवरील सर्व्हिसने अपडेट बसवावे हा पर्याय निवडलेला असल्याची खात्री करावी.

इतर नेहमीची सॉफ्टवेअर

मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि अलीकडील ऑफिसची अपडेट ‘क्लिक टू रन’ या सर्व्हिसमार्फत होतात. वर्डमध्ये ‘फाइल’, ‘अकाउंट’ आणि ‘अपडेट ऑप्शन्स’ येथून साधा वापरकर्ताही ती सुरू करू शकतो. ॲक्रोबॅट रीडरजवळही स्वतःची अपडेट सर्व्हिस असते. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेली ॲप्स वापरकर्त्याच्या पातळीवरच नोंदवली जात असल्यामुळे त्यांना पासवर्ड लागत नाही. एखादे सॉफ्टवेअर स्टोअरमध्येही उपलब्ध असेल, तर साध्या खात्यासाठी ते तिथून घेणे हा चांगला मार्ग आहे, मात्र प्रकाशकाचे नाव तपासूनच ते घ्यावे. विंडोजची स्वतःची अपडेट साध्या खात्यातूनही तपासता आणि बसवता येतात. तिथे नकार मिळत असेल, तर संस्थेने ते नियंत्रण आपल्याकडे घेतले आहे असे समजावे.

प्रोग्रामिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी व्हिज्युअल स्टुडिओ कोडचे उदाहरण महत्त्वाचे आहे. त्याचे ‘यूजर’ आणि ‘सिस्टिम’ असे दोन वेगळे इन्स्टॉलर मिळतात. यूजर इन्स्टॉलर वापरला तर अपडेट आपोआप आणि पासवर्डविना होते. येथे एक चूक वारंवार घडते. साध्या खात्यात बसलेल्या विद्यार्थ्याजवळ प्रयोगशाळेचे सहायक येतात, इन्स्टॉलरवर उजवी क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडतात आणि आपला पासवर्ड भरतात. त्या क्षणापासून इन्स्टॉलर विद्यार्थ्याच्या नव्हे तर सहायकाच्या खात्याने चालतो, त्यामुळे यूजर पद्धतीचे सॉफ्टवेअर सहायकाच्या ‘ॲपडेटा’मध्ये जाऊन बसते आणि विद्यार्थ्याला ते दिसतच नाही. वैयक्तिक पद्धतीचे सॉफ्टवेअर बसवताना ॲडमिनचा पासवर्ड कधीही भरू नये.

याच कारणाने आणखी एक अडचण येते. इन्स्टॉलर सर्व्हरवरील सामायिक फोल्डरात ठेवलेला असतो आणि वापरकर्त्याला तो ‘झेड’ अशा एखाद्या ड्राइव्हच्या रूपाने दिसतो. ॲडमिनचा पासवर्ड भरताच मात्र फाइल सापडत नसल्याचा संदेश येतो, कारण ड्राइव्हची ती जोडणी वापरकर्त्याच्या खात्याची असते, ॲडमिनच्या खात्याची नसते. फाइल आधी स्थानिक डिस्कवर उतरवून घ्यावी आणि मगच चालवावी.

व्हिडिओ पाहण्याचे व्हीएलसी आणि झिपसारख्या संकुचित फाइल उघडणारी सेव्हन-झिप व विनरार ही तिसऱ्या प्रकारातील ठळक नावे आहेत. यांपैकी विनरारकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्यात आपोआप अपडेट होण्याची सोयच नाही आणि त्यातील त्रुटींचा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर झाला आहे. अशी एक त्रुटी ऑगस्ट २०२३ मधील ६.२३ या आवृत्तीत आणि दुसरी जुलै २०२५ मधील ७.१३ या आवृत्तीत दूर करण्यात आली. अशी दुरुस्त आवृत्ती कोणीतरी ॲडमिन खात्यातून मुद्दाम बसवल्याशिवाय त्या संगणकावर येणार नाही. झिप फाइल उघडण्यापुरतेच काम असेल, तर विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये ती सोय आधीपासून आहे, आणि मग विनरार काढून टाकणे हा अपडेट करत राहण्यापेक्षा चांगला निर्णय ठरतो.

अपडेट झाल्यासारखे वाटते, पण झालेले नसते

जुन्या लेखा किंवा ग्रंथालय प्रणालींमध्ये एक गुंतागुंतीचा प्रकार आढळतो आणि तो ओळखण्यात कित्येक दिवस जातात. व्हिस्टापूर्वी लिहिलेले अनेक ३२-बिट प्रोग्राम आपल्या माहितीच्या फाइल ‘प्रोग्राम फाइल्स’मधील स्वतःच्याच फोल्डरात लिहितात. असे प्रोग्राम एकदम बंद पडू नयेत म्हणून विंडोज त्यांचे लिखाण गुपचूप वळवते आणि वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’मधील ‘लोकल’ या फोल्डरातील ‘व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये त्याची प्रत ठेवते. प्रोग्रामला आपण मूळ जागीच लिहिले असे वाटते.

परिणामी, साध्या खात्यातून केलेला बदल, उदाहरणार्थ नव्या करदरांची फाइल, फक्त त्या एका वापरकर्त्याला दिसतो. त्याच संगणकावर दुसऱ्या पाळीत बसणाऱ्या सहकाऱ्याला जुनेच दर दिसतात. याहून घातक स्थिती उलट दिशेने येते. नंतर ॲडमिनने मूळ जागी योग्य अपडेट केले, तरी पहिल्या वापरकर्त्याचा प्रोग्राम आधी ‘व्हर्च्युअलस्टोअर’मधील जुनी प्रत वाचतो, त्यामुळे अपडेट करूनही त्याच्या पडद्यावर काहीच बदललेले नसते. एकाच संगणकावर दोन खात्यांत आकडे किंवा आवृत्ती वेगवेगळी दिसत असेल, तर हे फोल्डर अवश्य उघडून पाहावे. त्यात त्या प्रोग्रामच्या नावाचे फोल्डर सापडल्यास प्रोग्राम बंद करावा, त्या फोल्डराची प्रत अन्यत्र जपून ठेवावी, त्यात एखादी खरी नोंद अडकलेली नाही याची जाणकाराकडून खात्री करून घ्यावी आणि मगच ते काढावे. घाईने काढल्यास काही महिन्यांच्या नोंदी जाऊ शकतात.

अशा प्रोग्रामसाठी कायमचा उपाय म्हणजे तो निर्मात्याच्या सूचनांनुसार ‘प्रोग्राम फाइल्स’च्या बाहेर बसवणे, किंवा त्याची माहिती वेगळ्या फोल्डरात हलवून केवळ त्या माहितीच्या फोल्डरावर संबंधित वापरकर्त्यांना लिहिण्याचा अधिकार देणे. पूर्ण प्रोग्रामच्या फोल्डरावर सर्वांना अधिकार देण्याचा सोपा मार्ग टाळावा. तिथली मुख्य फाइल कोणालाही बदलता येऊ लागली, तर बदललेली फाइल एखाद्या दिवशी ॲडमिनच्या किंवा सर्व्हिसच्या अधिकाराने चालेल आणि सगळा संगणक दुसऱ्याच्या हाती जाईल.

सुरक्षा दुरुस्तीमुळेच पासवर्ड मागितला जातो तेव्हा

काही वेळा काल विनासायास होणारे काम विंडोजच्या एका अपडेटनंतर अचानक अडते. २०२१ च्या जून-जुलैच्या सुमारास ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने ओळखली जाणारी, छपाईच्या सर्व्हिसमधील गंभीर त्रुटी उघड झाली. त्यावरील उपायाचा भाग म्हणून मायक्रोसॉफ्टने १० ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून नेटवर्कवरील प्रिंटरचे ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर) बसवण्यासाठी आणि अद्ययावत करण्यासाठी ॲडमिन अधिकार आवश्यक केले. तेव्हापासून प्रिंट सर्व्हरवर नवा ड्रायव्हर आला की साध्या खात्यांत पासवर्डची चौकट उघडते. रजिस्ट्रीतील एक किंमत बदलून जुनी मुभा परत मिळवण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते, पण तसे केल्याने बंद केलेले दार पुन्हा उघडते. ॲडमिनने नवा ड्रायव्हर प्रत्येक संगणकावर आधी बसवावा. तो तिथे असला की साध्या खात्याला प्रिंटर जोडताना अडचण येत नाही.

ऑगस्ट २०२५ च्या सुरक्षा अपडेटनंतरही असेच घडले. विंडोज इन्स्टॉलरने बसवलेली काही सॉफ्टवेअर, त्यात ऑटोकॅडसह ऑटोडेस्कची काही उत्पादने होती, पहिल्यांदा उघडताना स्वतःची लहानशी दुरुस्ती किंवा त्या वापरकर्त्यापुरती मांडणी करतात. इन्स्टॉलरमधील एक त्रुटी बुजवताना या कृतीलाही ॲडमिनची संमती आवश्यक झाली, त्यामुळे साध्या खात्यातील लोकांना नुसते सॉफ्टवेअर उघडतानाच पासवर्ड विचारला जाऊ लागला, आणि ऑफिस २०१० सारख्या जुन्या संचात ‘१७३०’ ही त्रुटी दिसू लागली. सप्टेंबर २०२५ च्या अपडेटने ही सक्ती सौम्य केली आणि ठरावीक सॉफ्टवेअरना सूट देण्याची सोय ॲडमिनला दिली. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत अजून ही चौकट दिसत असेल, तर प्रथम विंडोजचे अपडेट पूर्ण करावे. ऑगस्टचे अपडेट काढून टाकणे हा उपाय नव्हे.

खाते ॲडमिन का करू नये

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रामने जगभरातील संगणक निकामी केले. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामही त्यामुळे विस्कळीत झाले. त्या हल्ल्याची सुरुवात युक्रेनमधील ‘एम.ई.डॉक’ या लेखा सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. ज्या विंडोज त्रुटीतून तो पसरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिलेली होती. पण दुरुस्ती केलेले संगणकही सुरक्षित राहिले नाहीत, कारण एका संगणकाच्या मेमरीतून ॲडमिनचे लॉगिन तपशील काढून तो त्यांच्या बळावर शेजारच्या संगणकात शिरत होता. अपडेट वेळेवर हवीत आणि ॲडमिन अधिकार मोजक्याच हाती हवेत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आवश्यक आहेत. अपडेटची अडचण सोडवण्यासाठी सर्वांना ॲडमिन केले, तर एक धोका कमी करताना दुसरा वाढतो.

‘ऑल्वेज इन्स्टॉल विथ एलिव्हेटेड प्रिव्हिलेजेस’ नावाचे ग्रुप पॉलिसीतील (संगणकांचे नियम ठरवण्याच्या विंडोजच्या सोयीतील) धोरण याहूनही फसवे आहे. ते सुरू केल्यास साधे खाते विंडोज इन्स्टॉलरची कोणतीही फाइल संगणकाच्या सर्वोच्च अधिकाराने चालवू शकते, म्हणजे नावाला साधे राहून ते खाते प्रत्यक्षात ॲडमिन होते. कोणी ते सुरू करून ठेवले असेल, तर बंद करावे.

वापरकर्त्याने कोणती विनंती करावी, व्यवस्थापकाने कोणती घडी बसवावी

साध्या खात्यातील माणसाने आधी कंपनीच्या ‘कंपनी पोर्टल’ किंवा ‘सॉफ्टवेअर सेंटर’मध्ये ती आवृत्ती उपलब्ध आहे का हे पाहावे. मोठ्या संस्थांत मंजूर सॉफ्टवेअर तिथून पासवर्डविना मिळते. तिथे ती नसेल, तर ‘अपडेट होत नाही’ एवढेच न कळवता पुढीलप्रमाणे लिहावे: ‘माझ्या संगणकावर विनरारची ६.११ ही आवृत्ती आहे. ती प्रोग्राम फाइल्समध्ये बसलेली आहे. माझे खाते स्टँडर्ड आहे. नवी आवृत्ती बसवताना ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो. ही आवृत्ती सुरक्षेच्या दृष्टीने जुनी असल्यामुळे कृपया आपल्या बाजूने अपडेट करावे. मी दुपारी दोननंतर संगणक मोकळा ठेवू शकतो.’ एवढ्या तपशिलावर व्यवस्थापकाला पुन्हा काही विचारावे लागत नाही. पासवर्ड मात्र मागू नये, आणि कोणी व्हॉट्सॲपवर पाठवण्याची तयारी दाखवली तरी घेऊ नये.

लहान कार्यालयात संगणकांची देखभाल करणाऱ्या व्यक्तीने महिन्यातील एक ठरावीक दिवस या कामासाठी राखावा. मायक्रोसॉफ्टची मासिक सुरक्षा अपडेट दुसऱ्या मंगळवारी, भारतीय वेळेनुसार रात्री उशिरा येतात, त्यामुळे त्या आठवड्याचा गुरुवार किंवा शुक्रवार सोयीचा पडतो. त्या दिवशी स्वतंत्र ॲडमिन खात्यातून टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडून ‘विनगेट’ या विंडोजसोबत येणाऱ्या साधनाला अपग्रेडची यादी विचारली, की संगणकावरील कोणती सॉफ्टवेअर मागे आहेत हे एकत्र दिसते आणि त्यांतील बहुतेक तिथूनच अद्ययावत करता येतात. यादीत न येणाऱ्या स्थानिक सॉफ्टवेअरची नोंद वहीत किंवा तक्त्यात वेगळी ठेवावी. हे ॲडमिन खाते ईमेल पाहण्यासाठी किंवा इंटरनेट वापरण्यासाठी कधीही उघडू नये.

सर्व संगणकांवर ॲडमिनचा पासवर्ड एकच ठेवण्याची सवय मोडावी. विंडोजच्या व्यावसायिक आवृत्त्यांत एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून ‘विंडोज लॅप्स’ ही सोय अंतर्भूत आहे. ती प्रत्येक संगणकाच्या स्थानिक ॲडमिन खात्याला वेगळा पासवर्ड देते, तो ठरावीक काळाने बदलते आणि डोमेनच्या (संस्थेतील संगणक आणि खाती एकत्र सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) किंवा क्लाउडच्या निर्देशिकेत सुरक्षित ठेवते. डोमेन नसलेल्या चार-पाच संगणकांच्या कार्यालयात एवढी व्यवस्था शक्य नसते. तिथे वेगवेगळे लांब पासवर्ड लिहिलेले बंद पाकीट जबाबदार व्यक्तीच्या कपाटात ठेवणे, हा पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवण्यापेक्षा पुष्कळ बरा मार्ग आहे.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर ‘ॲप्लिकेशन्स’ या सामायिक फोल्डरात लिहिण्याचा अधिकार ॲडमिन गटाला असतो, त्यामुळे साध्या खात्यात तिथली ॲप्स स्वतःला बदलू शकत नाहीत. संस्थेची हरकत नसेल, तर आपल्या होम फोल्डरात ‘ॲप्लिकेशन्स’ नावाचे फोल्डर करून ॲप तिथे ठेवता येते आणि मग बहुतेक ॲप्सची अपडेट पासवर्डविना होतात. उबुंटू या लिनक्सवर सुरक्षा अपडेट पार्श्वभूमीवर रूटच्या, म्हणजे लिनक्समधील सर्वोच्च खात्याच्या, अधिकाराने आपोआप बसतात. २२.०४ पासून फायरफॉक्स तिथे स्नॅप या पॅकेजच्या रूपात येतो आणि तोही असाच अद्ययावत होतो, मात्र त्यासाठी वापरकर्त्याने तो अधूनमधून पूर्ण बंद करावा लागतो. इतर सॉफ्टवेअर साध्या खात्यात हवे असेल, तर फ्लॅटपॅक या सॉफ्टवेअर बसवण्याच्या पद्धतीत ते केवळ त्या वापरकर्त्यापुरते बसवण्याचा पर्याय आहे.

अपडेट केल्यानंतरची तपासणी

ॲडमिनने अपडेट केल्यावर काम त्याच्या खात्यातून तपासू नये. वापरकर्त्याच्या साध्या खात्यात जाऊन, त्याच्या नेहमीच्या शॉर्टकटने सॉफ्टवेअर उघडून ‘अबाउट’मधील आवृत्ती पाहावी, कारण त्याचा शॉर्टकट एखाद्या जुन्या वैयक्तिक प्रतीकडे नेत असू शकतो. तसे आढळल्यास ती जुनी प्रत त्याच्याच खात्यातून काढावी. आवृत्ती जुनीच दिसत असेल, तर संगणक ‘शट डाउन’ करून सुरू न करता ‘रीस्टार्ट’ करावा. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असलेल्या विंडोजमध्ये शट डाउन केल्यावर प्रणालीचा गाभा डिस्कवर जतन होऊन पुन्हा तसाच उचलला जातो, त्यामुळे पुढच्या सुरुवातीवर सोपवलेले फाइल बदलण्याचे काम राहून जाऊ शकते. रीस्टार्टमध्ये ते पूर्ण होते. त्यानंतर साध्या खात्यातून आवृत्ती पुन्हा पाहून ती नोंदीत लिहावी.